ऑनलाइन भाजी आमच्या घरात कशी रुळली (इंदूरचा अनुभव)

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरच्या बाजूला राहतो आणि आमच्याकडे भाजी हे पहिल्यापासून बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं खातं. चोइथराम मंडी जवळच, सकाळी स्कूटर काढायची नि दोन थैल्या भरून आणायच्या. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, मला ऑफिस, ह्यांची सदानकदा टूर, म्हणून ॲप सुरू केलं. आता बरेच दिवस झालेत तर लिहावंसं वाटलं, कारण "ऑनलाइन भाजी कशी येते गं?" असं बऱ्याच जणी विचारतात आणि त्याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

कांदे, बटाटे, आलं, लसूण, लिंबं, दुधी, गाजर ह्यात काही त्रास नाही, बिनधास्त मागवा. बटाटा फक्त हिरवट आला तर लगेच परत करा, उजेडात राहिलेल्या हिरव्या बटाट्यात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं, तो खाऊ नये. खरी परीक्षा पालेभाजीची. मेथी यायची ती बंद प्लास्टिकच्या पिशवीत, आत पाण्याचे थेंब धरलेले, वरची पानं छान हिरवी आणि मधली जुडी उघडली की पिवळी, काही तर चिकट. भाजी तोडली तरी ती श्वास घेतच असते, ऊब नि पाणी सोडते, आणि बंद पिशवीत तो ओलावा अडकून पडतो. बाबा मेथी आणायचे तेव्हा आई लगेच कागदावर पसरून टाकायच्या, ती कधी सडली नाही. आता कुठलीही पालेभाजी आली की आधी तेच करतो, मेथी मात्र ॲपवरून मागवणं बंदच केलं.

दुसरं केळ्यांचं. बाबा डझनात अर्धी आजची आणि अर्धी परवाची अशी निवडून आणायचे, आईंचे उपास असतात ना. ॲपवर असं सांगायची सोयच नाही, सगळी एकदम पिकलेली नाहीतर सगळी कच्ची. ह्यावर अजून उपाय सापडला नाही, केळी आम्ही ठेल्यावरूनच घेतो.

वजनाचं प्रकरण जरा सविस्तर सांगते. भेंडीचं सीलबंद पाकीट, छापलेलं 500 ग्रॅम, बाबांनी सहज किचनच्या काट्यावर ठेवलं तर 430. तक्रार टाकली तर उत्तर आलं की वाटेत पाणी उडून वजन घटतं. बाबांनी एका भेंडीचं टोक मोडलं, कट्कन आवाज आला, म्हणाले "ही सुकलेली आहे का? पाणी गेलं असतं तर वाकली असती, मोडली नसती." बरोबरच होतं त्यांचं. मी काट्यावरचा फोटो आणि पाकिटाचा फोटो दोन्ही पाठवले, तर पैसे दिले पण ॲपच्याच वॉलेटमध्ये, म्हणजे पुन्हा त्यांच्याकडेच खर्च करा. मला ते पटलं नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव-संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात. ते नाव साइटवर अगदी खाली असतं, शोधलं, मेल केला, फोटो जोडले, आणि पैसे ज्या खात्यातून गेले होते त्यातच परत आले. रक्कम किरकोळ होती हो, पण आमच्या हक्काची होती. नसतं ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर लावणारच होते.

तेव्हापासून आमच्याकडे माल उतरवून घेणं बाबांकडे आहे. डिलिव्हरीवाल्या मुलाला थांबवून ठेवत नाही, त्या बिचाऱ्याला पुढची ऑर्डर असते आणि पॅकिंग त्याने केलेलं नसतं. डायनिंग टेबलवर पेपर अंथरायचा, एकेक पाकीट उघडायचं, टोमॅटो दाबून, काकडी वाकवून बघायची, खराब निघालं की तिथेच फोटो. आणि एक, "नसेल तर दुसरं द्या" हा ऑप्शन बंद करून ठेवा, आम्हाला फरसबीच्या जागी गवार आली होती.

आईंची तक्रार वेगळीच आहे, प्लास्टिकची. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं आलं ते ओला-सुका घरातच वेगळा करून, आणि आई त्यात फार काटेकोर. म्हणतात सुक्याची बादली आता रोज भरते, कोथिंबिरीच्या चार काड्यांना एक डबी! सडलेली पालेभाजी ओल्यात जाते, देवगुराडियाच्या प्लांटमध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करायची सोय आहे हे ठीक, पण पैसे मोजून आणलेली भाजी थेट तिथे पाठवायची म्हणजे जीव तुटतो.

तर घरातल्या प्रत्येकाचं समाधान वेगळं आहे. मला वेळ वाचतो म्हणून बरं वाटतं, ह्यांना काहीही चालतं, आई अर्ध्याच खूश. आणि बाबा, ज्यांचं काम गेलं असं मला मनातून वाईट वाटत होतं, ते आता ऑर्डर देतानाही शेजारी बसतात, "आज फुलकोबी नको, पाऊस झालाय, आत कीड असेल" वगैरे सांगतात. ऑर्डर शक्यतो सकाळच्या स्लॉटला द्यायची हेही त्यांचंच, रात्री उरलासुरला माल येतो असा आमचा अनुभव.

अळू, अंबाडी, शेपू मात्र आमच्या ॲपवर जवळजवळ नसतातच. ऋषिपंचमीच्या भाजीसाठी ठेलेवाल्या बाईंना आधी सांगून ठेवतो, त्या आणून देतात. थंडीतले गराडू (आमच्याकडे तळून खातात तो कंद) हेसुद्धा बघून, हातात घेऊनच घ्यावे लागतात, त्यासाठी बाबा रिक्षा करून मंडीत जातात आणि मी सुट्टी असेल तर बरोबर जाते. कंपन्यांनी पालेभाजीच्या पाकिटावर तोडणीची नाही तर निदान पॅकिंगची तारीख आणि वेळ ठळक छापली, तर आमच्याकडून मेथीचीही ऑर्डर पुन्हा सुरू होईल.