आमची वाटचाल : दोन माग, एक रहाट आणि छताची उंची

वाटचाल लिहायची म्हणजे आपण कसे मोठे झालो ते लिहायचं असतंय म्हणे. आम्ही काय फार मोठे झालो नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक शेड आहे, आठ माग आहेत, त्यातले दोन रॅपिअर, म्हणजे बिनधोट्याचे माग, बाकी साधे. टॉवेल काढतो आणि सीझनला थोड्या चादरी. पण चाळीस वर्षं एकाच धंद्यात बसून एक गोष्ट डोक्यात पक्की झालीय, ती सांगतो. शेडमधी नवं मशीन आलं की लोक विचारतात स्पीड किती वाढला, मीटर किती निघतंय. मी मात्र बघत आलोय की आधी बाईचं काम बदलतंय, मग घर बदलतंय, मीटर वगैरे नंतर.

आमचे आजोबा तेलंगणातून आले, सोलापुरात पूर्व भागात अर्धे लोक तसेच आलेत. घरात तेलुगू, दारात मराठी. 1877 मधी इथं पहिली कापड गिरणी निघाली, तिला सगळे जुनी मिलच म्हणतात, आणि मग भोंग्यावर चालणारं गाव झालं. आजोबा मात्र गिरणीत गेले नाहीत, हातमागच धरून बसले. वडिलांनी, म्हणजे नायनांनी, 1983 ला दोन जुने यंत्रमाग घेतले, भंगाराच्या भावात, आणि घराच्या पुढच्या खोलीत बसवले. खोली दहा बाय पंधरा, त्यात दोन माग म्हणजे माणसाला तिरकं होऊनच आत जावं लागायचं.

आता त्यात अम्मा, म्हणजे आई, कुठं होती तर मागच्या पडवीत, रहाटावर. साध्या मागाला धोटा लागतो, तो आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो, धोट्यात सुताची छोटी कांडी लागते, आणि कांडीवर सूत कुणीतरी भरावं लागतं. टॉवेलचं सूत जाड, त्यामुळं कांडी काही मिनिटांतच संपायची, मागवाला ओरडायचा आणि अम्मा पाटी भरून पुढं द्यायची. मागावर बसला त्याचं नाव विणकर. दिवसभर रहाट फिरवणारीचं नाव काय? काही नाही, "घरची मदत". कांड्या नसल्या तर माग उभा राहतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण हिशोबाच्या वहीत नायनांनी तिच्या नावचा रकाना कधी केला नाही. दुपारी कांडीतून वेळ मिळाला की ती विड्या वळायची, त्याचे पैसे मात्र तिच्या हातात यायचे. लहानपणी मला वाटायचं अम्मा विडीचं काम करते आणि कांडी म्हणजे स्वयंपाकासारखंच काहीतरी असतंय.

उन्हाळ्याचं एक सांगतो. मे महिन्यात सोलापूरचं ऊन माहितीय ना, बेचाळीस-त्रेचाळीस. त्या कोरड्या हवेत सुताचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, सारखा तुटतो. कापसाचा धागा ओल धरली की मजबूत होतो, वाळला की ठिसूळ, म्हणून विणायच्या खोलीत हवेत 75 ते 80 टक्के ओल पाहिजे असं आता पुस्तकात वाचलं. नायनांनी पुस्तक वाचलं नव्हतं. ते दर दोन तासाला फरशीवर पाणी मारायचे, खिडक्यांना ओली पोती लावायचे आणि आम्हाला दार उघडं टाकलं म्हणून शिव्या द्यायचे. बाहेर आग आणि आत दमट, वर मागाचा खडखडाट. त्या आवाजात बोलणं शक्यच नाही, सगळे ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून समजून घ्यायचे. शेवटच्या वर्षांत नायनांना ऐकू कमी यायचं, पण शेडमधी गेले की त्यांना सगळं समजायचं.

धंदा नव्वद सालानंतर वाढला तो टॉवेलमुळं. चादर ही सोलापूरची ओळख, जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू याच गावची असा सरकारी शिक्का, वगैरे आहे, लग्नात मानपानाला चादर दिल्याशिवाय चालायचं नाही. पण बाजारात पॉलिस्टरचे ब्लँकेट आले, हलके, भडक, स्वस्त, लवकर वाळणारे, आणि चादरीची मागणी बसली. टॉवेल का टिकला? साधं आहे, पॉलिस्टर हवेतली ओल अर्धा टक्काही धरत नाही, कापूस आठ टक्क्यांच्या आसपास धरतो. अंग पुसायला कापूसच पाहिजे. (आता मायक्रोफायबर नावाचं एक आलंय, गाडी पुसायला ठीक आहे.) म्हणजे आमचं पोट वाचलं ते आमच्या हुशारीनं नाही, कापसाच्या गुणानं.

टॉवेलची गंमत बघायची असेल तर मागाजवळ उभं राहून बघा. ताण्याचे दोन बीम, म्हणजे धागे गुंडाळलेले रूळ, असतात, एक घट्ट ओढलेला, एक सैल सोडलेला. बाण्याचे, म्हणजे आडवे, दोन धागे फणी थोडं अलीकडंच ठेवते, तिसरा धागा आला की तिन्ही एकदम पुढं ठोकते, तेव्हा घट्ट ताण्यावरून धागे सरकतात आणि सैल ताणा दुमडून वर उभा राहतो. तोच लूप. सैल बीमचा ताण एवढासा बिघडला तरी टॉवेल एका बाजूला टक्कल पडल्यासारखा निघतो, जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, त्याला "कुत्र्यानं चाटलेला" म्हणतो.

2011 ला मी दोन सेकंडहँड रॅपिअर घेतले. नायना नको म्हणत होते, म्हणाले कर्जाचं मशीन रात्री झोपत नाही. रॅपिअरला धोटा नाही, सुताच्या मोठ्या कोनावरून, म्हणजे शंकूसारख्या रिळावरून, सूत थेट ओढून घेतं. म्हणजे कांडी बंद. तेव्हा आमच्याकडं चार बायका कांडी भरायला यायच्या. मी सगळ्यांना सांगत फिरायचो की मी कुणाला काढलं नाही, आणि ते खरंच आहे, पण अर्धंच. कांडीच कमी लागायला लागली म्हणल्यावर मी न काढताच त्या निघाल्या. एक विडीकडं परत गेली, एक मुलीकडं हैदराबादला गेली, दोघींना टॉवेलची काठ शिलाई आणि पॅकिंग शिकवलं. शिलाईला पैसे कांडीपेक्षा जास्त, पण नजर चांगली पाहिजे, त्यातल्या एका अक्कांना चष्मा लागला आणि त्यांनी महिनाभर कुणाला सांगितलंच नाही, काम जाईल म्हणून. टॉवेलच्या काठी वाकड्या यायला लागल्या तेव्हा कळलं.

आणि रॅपिअर तरी कुठं सुखानं चालले. पहिल्याच मे महिन्यात एकाचं इलेक्ट्रॉनिक कार्ड उकाड्यानं गेलं. ज्यानं मशीन विकलं तो फोन उचलेना, मग उचलला तेव्हा म्हणाला गॅरंटी लोखंडाची होती, कार्डाची नाही. सतरा दिवस मशीन उभं आणि बँकेचा हप्ता चालू. जुन्या मागाचं काही मोडलं तर जॉबर हातोडी घेऊन यायचा आणि चहा पिऊन जायचा, आता इंजिनिअर येतो, लॅपटॉप घेऊन, आणि येण्याजाण्याचं भाडं वेगळं.

नोटबंदीचं मला अजून आठवतंय. 8 नोव्हेंबर 2016, पगार दर आठवड्याला रोखीत द्यायचो, त्या आठवड्यात देणार कशानं? मग सगळ्यांची बँक खाती शोधून काढली, कुणाचं जनधनचं होतं ते कधी वापरलंच नव्हतं. बायकांचे पैसे त्यांच्या त्यांच्या खात्यावर टाकले. पुढच्या आठवड्यात एकीचा नवरा शेडवर हजर, "मालक, हिचा पगार माझ्या हातात देत होतात की, आता खात्यावर कशाला." मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी काय करत होतो ते. रोख होती तोपर्यंत पाकीट ज्यानं मागितलं त्याच्या हातात देऊन मोकळं. मी त्याला म्हणलं सरकारचा नियम आहे, काय करणार. नियम बियम काही नव्हता, पण मी तसंच सांगितलं. आता हे वाचून कुणाला वाटेल बघा खात्यामुळं बायका मोकळ्या झाल्या, तर तसं पण नाही, त्याच बाईचा पिन तिच्या नवऱ्याला पाठ आहे. पण विचारून घ्यावं लागतंय त्याला.

2022 च्या मे महिन्यात कापसाची खंडी, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास कापूस, लाख रुपयांच्या वर गेली. आम्ही टॉवेलचे रेट दोन महिने आधी बांधून दिलेले. त्या सहा महिन्यांत जेवढं विणलं तेवढा तोटा, न विणलं तर माणसं जातात, म्हणून विणत राहिलो. त्या वर्षी आमच्या गल्लीतले किती माग भंगारात गेले मी मोजले नाहीत.

माणसं मिळणं हा आता खरा प्रश्न आहे. विणकराचं पोरगं पुण्याला कंपनीत जातंय, बारा तास त्या आवाजात कोण उभं राहणार, मी तरी माझ्या पोराला राहू दिलं का? जानेवारी 2024 मधी कुंभारीला रे नगरची पंधरा हजार घरं कामगारांना मिळाली, आमच्या शिलाईच्या अक्कांना पण मिळालं. पक्कं घर, स्वतःच्या नावावर. पण शेडपासून लांब, रिक्षाला पैसे आणि तास जातो. म्हणून आता मशीनच त्यांच्या घरी पाठवलंय, कापलेले टॉवेल टेम्पोनं जातात आणि शिवून येतात. फिरून फिरून काम परत घरातच गेलं. फरक एवढाच की रकाना आहे, नगाप्रमाणं, त्यांच्या नावचा, आणि महिन्याला त्या स्वतः मोबाईलवर माझ्या हिशोबातली चूक काढतात.

मुलगी कॉम्प्युटरवर डिझाईन काढते. चादरीचा मोर आधी आलेखाच्या कागदावर रंगवून मग पुठ्ठ्याला भोकं पाडायचे, जेकार्डला, म्हणजे मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राला, लावायचे, भोक असेल तिथला ताणा उचलला जातो, नाही तिथं नाही. 1804 च्या सुमाराला फ्रान्समधल्या जॅकार्डनं काढलेली युक्ती, कॉम्प्युटरवाल्यांनी पंच कार्ड तिथूनच घेतलं. एका चादरीला पुठ्ठ्यांची माळ अशी लांब की उंदरांनी खाल्ली तर डिझाईन गेलं, एक मोर आमचा असाच उंदरांनी खाल्लाय. ती म्हणते आता पेनड्राइव्हवर ठेवू. नायना असते तर विचारलं असतं पेनड्राइव्ह ओला झाला तर.

तर आता सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बघितलाय, भाव ठरलाय. अडचण एकच, जेकार्ड मागाच्या डोक्यावर बसतो आणि आमच्या शेडचं छत बुटकं आहे, दोन फूट वर घ्यावं लागतंय. गवंडी सोमवारी येतो म्हणालाय, आणि मुलगी म्हणते पत्रा घालताना एक पारदर्शक पत्रा पण घाला, टेबलावर उजेड पडत नाही.