छपाईला जाता जाता बदललेला टाइप

पुस्तिका 48 पानांची, म्हणजे 16 पानांचे तीन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं म्हणजे एक फर्मा). डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर तोच मजकूर इंग्रजीत. काम होतं लहान मुलांच्या सुरक्षेसाठी झटणाऱ्या एका संस्थेचं, पानांची मांडणी माझ्याकडे होती. पहिल्या फर्म्याच्या छपाईच्या प्लेटा निघाल्या होत्या, तेवढ्यात संस्थेच्या समुपदेशक ताईंचा फोन आला. ‘‘मॅडम, इंग्रजीला लावलेला फॉन्ट गिल सान्स आहे ना? तो काढता येईल का?’’

टाइपमध्ये काम करणाऱ्यांना यामागचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. एरिक गिल (1882–1940) हा इंग्लंडमधला शिल्पकार आणि अक्षरकार. 1928 साली मोनोटाइप कंपनीने त्याचा गिल सान्स बाजारात आणला. पुढच्याच वर्षी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने तो आपल्या पाट्यांसाठी घेतला, 1935 पासून पेंग्विन प्रकाशनाच्या मुखपृष्ठांवर तो आला, आणि 1997 पासून 2021 पर्यंत बीबीसीचं बोधचिन्हही त्यातच होतं. 1989 साली गिलचं नवं चरित्र प्रसिद्ध झालं. त्यात त्याच्याच रोजनिशीच्या आधारे उघड झालं, की त्याने आपल्या दोन थोरल्या मुलींचं लैंगिक शोषण केलं होतं. या गोष्टी त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवल्या होत्या, त्यामुळे अफवा म्हणून झटकून टाकायची सोयच नाही. 2022 साली ‘सेव्ह द चिल्ड्रन’ संस्थेने आपल्या साहित्यातून गिल सान्स काढायचं ठरवलं. ताईंनी नेमकं तेच वाचलं होतं.

प्रेसवाल्या काकांचं म्हणणं वेगळं होतं. ‘‘अहो, वाचणाऱ्या पोराला काय कळणार अक्षर कुणी काढलंय ते? आठ प्लेटा फुकट जातील.’’ त्यांचं चुकत नव्हतं. चार रंग, कागदाच्या दोन बाजू, म्हणजे एका फर्म्याला आठ प्लेटा, आणि एकदा निघालेली प्लेट दुरुस्त होत नाही. ताई मात्र ठाम होत्या. ‘‘पोराला नाही कळणार, काका. पण ज्यांच्यावर हे गुदरलंय त्या बाया आमच्याकडे कामाला आहेत. त्यांच्या हातात मी हे कसं देऊ?’’ यावर कुणाला काही बोलता येईना. प्लेटांचा खर्च संस्थेने सोसला.

आता कामाचं. मराठी मजकूर आधीपासून मुक्तामध्ये होता. हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा, खुल्या परवान्याचा (कुणालाही मोफत वापरता येणारा) फॉन्ट, आणि त्यात रोमन, म्हणजे इंग्रजीची अक्षरंही आहेत. इंग्रजीलाही तोच लावायचं ठरलं. पण फॉन्ट बदलणं म्हणजे यादीतून दुसरं नाव निवडणं नव्हे. मुक्ताची रोमन अक्षरं त्याच पॉइंटला, म्हणजे त्याच मापाला, गिल सान्सपेक्षा बरीच थोराड दिसतात. 11.5 पॉइंटचा मजकूर 10 पॉइंटवर आणला, ओळींमधलं अंतर 15 पॉइंटच ठेवलं. तरी ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या, चौकटींच्या कोपऱ्यात मजकूर मावत नसल्याची लाल खूण दिसू लागली, आणि काही परिच्छेदांची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी जाऊन पडली. अशा वेळी अक्षरं आडवी दाबून ओळ बसवायचा मोह होतो. तो टाळावा, अक्षराची उभी रेघ बारीक होते आणि पान ठिगळ लावल्यासारखं दिसतं. ओळ मागेपुढे करायची असेल तर शब्दांमधलं अंतर बदलावं, नाहीतर संपादकाकडून एखादा शब्द कमी करून घ्यावा.

यापेक्षा चकवणारी अडचण दुसरीच. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकटीतली पहिली ओळ कुठून सुरू करायची हे मूळ सेटिंगप्रमाणे फॉन्टच्या उंचीवर ठरतं. देवनागरीच्या वरच्या मात्रा, रफार, अनुस्वार मावावेत म्हणून मुक्ताची उंची जास्त धरलेली आहे. साहजिकच फॉन्ट बदलताच प्रत्येक चौकटीतला मजकूर थोडा खाली सरकला आणि समोरासमोरच्या पानांवरच्या ओळी एका रेषेत राहिल्या नाहीत. पहिल्या ओळीचं अंतर ठरावीक आकड्यावर बांधलं, तेव्हा कुठे पानं सरळ झाली. तक्त्यांच्या रकान्यांत हे वेगळं करावं लागतं, तिथे चौकटीची सेटिंग लागू होत नाही.

मुलांच्या तोंडची वाक्यं गिल सान्सच्या तिरक्या अक्षरांत होती. मुक्ताला तिरकं वळणच नाही. सॉफ्टवेअर सरळ अक्षर ढकलून तिरकं करून देतं, पण ते लंगडं दिसतं, गोल अक्षरं तर एका बाजूला सुजतात. त्याऐवजी ती वाक्यं मुक्ताच्या हलक्या वजनात घेतली, डावीकडून 4 मिलिमीटर आत सरकवली आणि बाजूला बारीक उभी रेघ दिली.

मलपृष्ठावर तर बदलाचा फायदाच झाला. गिल सान्समध्ये 1 हा आकडा नुसती उभी काठी असतो. इंग्रजीतला मोठा आय आणि लहान एल यांच्याशेजारी तो ओळखू येत नाही. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतसेवेचा 1098 हा क्रमांक मुक्तामध्ये लांबूनही आकडा म्हणून वाचता येत होता.

गिल सान्स पूर्ण गेला का, हे तपासणंही सोपं नाही. फॉन्ट शोधायच्या यादीत पुस्तिकेतला मजकूर सापडतो. बाहेरून आणून बसवलेल्या आकृत्यांमधला फॉन्ट यादीत दिसतो, पण तिथून बदलत नाही, मूळ फाइल उघडावी लागते. आणि जे शब्द आउटलाइन केलेले असतात, म्हणजे ज्यांचं नुसतं चित्र झालेलं असतं, ते यादीत येतच नाहीत. मुखपृष्ठावरचं इंग्रजी शीर्षक तसंच होतं. ते डोळ्यानेच पकडावं लागतं. गिल सान्सचा लहान जी चष्म्यासारखा दुमजली असतो, ही सर्वांत पक्की खूण.

मधेच आमच्या एका तरुण सहकाऱ्याने केबिन हा खुल्या परवान्याचा फॉन्ट सुचवला. गिल सान्सला जवळचा असल्याने पानं कमी हलली असती. पण केबिन हा गिल आणि अक्षरकार एडवर्ड जॉन्स्टन या दोघांच्या अक्षरांवरूनच घडवलेला आहे. तो घेणं म्हणजे नाव बदलून तेच वळण ठेवणं. तसं पाहिलं तर गिल सान्ससुद्धा एकट्या गिलचा नाही. 1916 साली लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी जॉन्स्टनने घडवलेला टाइप त्याच्या मुळाशी आहे, आणि दोघांच्याही मोठ्या अक्षरांची प्रमाणं प्राचीन रोमन शिलालेखांतून आली. शिवाय गिलच्या रेखाटनांवरून छपाईयोग्य अक्षरं तयार केली ती मोनोटाइपच्या सॅलफर्ड्स इथल्या रेखाटन विभागाने, आणि तिथे बहुतेक स्त्रियाच काम करत. त्या अक्षरांत मला आनंद होतो तो या सगळ्यांच्या हाताचा आहे, आणि तो आनंद मी नाकारणार नाही. जुन्या ब्रिटिश रेल्वेवरचं पुस्तक आलं तर मी गिल सान्स निःसंकोच लावेन. गिलला जाऊन आठ दशकं उलटली, परवान्याचे पैसे त्याला पोचत नाहीत. कलावंत हयात असता आणि माझ्या खरेदीने त्याची पत वाढणार असती, तर माझा हिशेब निराळा असता.

पण त्याचं सगळंच काम या मापाने मोजता येत नाही. 1923 साली त्याने आंघोळीच्या टबात बसलेल्या मुलीचं लाकडावर कोरलेलं चित्र केलं. ती त्याची मुलगी पेट्रा, ज्या दोघींवर अत्याचार झाला त्यांतली एक. इथे चित्र बघणारा माणूस गिलच्याच डोळ्यांनी तिच्याकडे बघतो, त्यामुळे त्याचं वर्तन चित्राबाहेर ठेवताच येत नाही. रेषा उत्तम आहे हे मला दिसतं, आणि तरी ते भिंतीवर लावायला माझा हात धजणार नाही. बीबीसीच्या लंडनमधल्या इमारतीवर गिलचं प्रॉस्पेरो आणि एरियल या शेक्सपिअरच्या नाटकातल्या पात्रांचं शिल्प आहे. 2022 च्या जानेवारीत आणि पुन्हा 2023 मध्ये एकेका माणसाने वर चढून त्यावर घाव घातले. ते दुरुस्त करून पुन्हा लोकांसमोर आणलं गेलं. फोडणं मला पटत नाही. मात्र शिल्पाशेजारी सगळी हकिकत स्पष्ट लिहिलेली असावी, म्हणजे बघणाऱ्याला आपलं ठरवता येईल. आमच्या पुस्तिकेच्या वाचकाला ती निवड नव्हती. शाळेत ती पुस्तिका त्याच्या हातात दिली जाणार होती. ताईंची मागणी मला रास्त वाटली ती यासाठीच.

नव्या प्लेटा निघाल्यावर एकच प्रश्न उरला. संस्थेची जुनी पोस्टरं शाळाशाळांत लागलेली आहेत, आणि त्यांवरही गिल सान्सच आहे. ती उतरवायची का? ताईंनी नको म्हटलं. नवं पोस्टर पोचेपर्यंत भिंतीवर 1098 दिसत राहायला हवा. फेरछपाईच्या वेळी फॉन्ट बदलायचा, तशी सूचना आम्ही पोस्टरच्या मूळ फाइलींसोबत लिहून ठेवली आहे.