उभ्या सऱ्यांचं गाव

पहाटे साडेचारला दारावर थाप पडली आणि बाहेरून आवाज आला, "उपास! उपास!" ऑगस्ट महिना, म्हणजे आपल्याकडचा श्रावण. अर्धवट झोपेत मला खरंच वाटलं, आज सोमवार की काय! मग डोक्यावरून चार पांघरुणं बाजूला केली, नाकाचा शेंडा बधिर झालेला जाणवला आणि मी कुठे आहे ते आठवलं.

जावानीज भाषेत 'उपास' म्हणजे विष. 'बुन उपास' म्हणजे विषारी दव. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम सात अंशांवर, जिथे बाकी सगळं जावा बेट घामाने निथळत असतं, तिथे या एका पठारावर कोरड्या ऋतूत रात्री आभाळ निरभ्र राहिलं की पारा शून्याखाली उतरतो आणि दव पानावरच गोठतं. ऊन चढलं की ती पानं उकळतं पाणी ओतल्यासारखी काळी पडतात.

बाहेर आले तर ज्यांच्या घरी उतरले होते ते 'पाक' (इथे वडीलधाऱ्या पुरुषाला असं म्हणतात) आणि त्यांचा मुलगा पाठीवर पंप घेऊन निघालेलेच होते. पंपात औषध नव्हतं, साधं पाणी होतं. सूर्य उगवायच्या आत पानांवरचा बर्फ धुऊन काढायचा, मग वाचला तर वाचला बटाटा. मी मागोमाग गेले, उपयोग शून्य, नुसती विजेरी धरून उभी. रस्त्याच्या पलीकडे अर्जुनाच्या नावाच्या जुन्या देवळांसमोरचं गवत पांढरंशुभ्र झालं होतं. जकार्ताहून, सेमारांगहून आलेली मंडळी त्यावर लोळून फोटो काढत होती, मुलं आनंदाने किंचाळत होती. रस्त्याच्या अलीकडे दोन माणसं तोंडातून चकार शब्द न काढता सरीमागून सरी धूत होती. दोघांत अंतर असेल दोनशे पावलांचं.

हे दिएंग. मध्य जावामधलं ज्वालामुखीचं पठार, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर. आपल्या कळसूबाईचं टोक 1,646 मीटर, म्हणजे कळसूबाईवर उभं राहून मान वर करून बघावं इतक्या उंचीवर ही शेतं आहेत. जवळचं सेंबुंगान तर 2,300 मीटरच्या आसपास, जावातलं सगळ्यात उंच गाव म्हणून ओळखतात त्याला. आम्ही राहतो सेमारांगला, नवऱ्याची नोकरी तिथल्या कापड कारखान्यात. तिथून गाडीने चार-साडेचार तास. तेमांग्गुंगची तंबाखूची रानं मागे पडतात, सुंबिंग आणि सिंदोरो हे दोन ज्वालामुखी जुळ्या भावांसारखे दिसतात, मग वोनोसोबो आणि तिथून 26 किलोमीटरचा घाट. पहिल्यांदा आम्ही पर्यटक म्हणूनच आलो होतो, गवतावर लोळणाऱ्यांतले. दुसऱ्यांदा आले ती बटाट्यासाठी.

बटाटा हा माझ्या माहेरचा विषय आहे. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. माझे मामा तिथले. जूनमध्ये पंजाबचं बियाणं आलं की घरात दुसरं काही बोलायचंच नाही, हे मी लहानपणापासून पाहिलंय. त्यामुळे इथे घराच्या अंधाऱ्या खोलीत फळ्यांवर मांडलेले, कोंब फुटलेले बटाटे पाहिले आणि एकदम ओळखीचा वास आला. कुजकट, मातकट, आजोळचा.

पाकच्या बायकोला, म्हणजे घरमालकीणबाईंना, मी 'बु' म्हणते, त्या मला 'म्बाक', म्हणजे ताई. वयाने मोठ्या असूनही. दारात पाऊल ठेवलं की "मोंग्गो, पिनाराक", या बसा. आणि बसायचं म्हणजे दिवाणखान्यात नाही. दिवाणखान्यात गुळगुळीत फरशी आहे, काचेचं कपाट आहे, थोरल्या मुलीचा तैवानमधला फोटो आहे, पण तिथे कुणी बसत नाही, कारण तिथे थंडी वाजते. पाहुणा सरळ स्वयंपाकघरात, चुलीपाशी. बुटकी स्टुलं, गळ्याभोवती गुंडाळलेलं लुंगीसारखं सारोंग, हातात गोड काळा चहा आणि जाडसर पिठात तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. गावातले सगळे व्यवहार, लग्नं, भांडणं, जमिनीचे सौदे या चुलीभोवतीच ठरतात.

तिथेच बसून म्बाहने, म्हणजे पाकच्या आईने, मला जुनं दिएंग सांगितलं. त्यांच्या तरुणपणी इथे मका आणि तंबाखू होता. इतक्या उंचीवर भात पिकत नाही, म्हणून मक्याच्या कण्यांचा 'सगो जागुंग' खायचा, तांदूळ सणापुरता. 1980च्या दशकात बटाटा पसरला. ग्रानोला नावाचं जर्मन वाण. वर्षातून दोन, पाणी असेल तर तीन पिकं. बघता बघता मका गेला, झाडं गेली, बटाटा डोंगराच्या माथ्यापर्यंत चढला. कुडाची घरं पक्की झाली, दारात मोटारसायकली आल्या, माणसं हजला जाऊन आली. आता हजसाठी नाव नोंदवायचं तर अडीच कोटी रुपिया आधी भरावे लागतात (घाबरू नका, आपल्या एका रुपयाला साधारण 190 रुपिया, म्हणजे सव्वा लाखाच्या थोडं वर) आणि पुढे पंचवीस-तीस वर्षांची रांग. पाक आणि बुंनी एका चांगल्या हंगामात नाव नोंदवलंय. "नंबर लागेपर्यंत गुडघे टिकले पाहिजेत," असं बु म्हणतात आणि हसतात.

गंमत म्हणजे बटाट्याच्या या राज्यात बटाटा कुणी पोटभर खात नाही. तो भाजी, भाताबरोबर तोंडी लावायला. जेवण म्हणजे भात. तो विकत आणायचा. बटाटा विकायचा आणि तांदूळ घ्यायचा, हा इथला हिशेब.

विकायची रीतही आपल्यासारखीच. व्यापारी शेतावर येतो, दोन-चार रोपं उपटून बघतो आणि उभं पीक उक्तं मागतो. याला 'तेबासान' म्हणतात. पैशाची नड असेल तर उक्तं द्यायचं, नसेल तर स्वतः काढून गोण्या भरून पाठवायच्या आणि भाव काय मिळतो त्याची वाट बघायची. सारखेपणा किती सांगू! आपली भिशी म्हणजे इथली 'आरिसान', बायका दर महिन्याला जमून चिठ्ठी काढतात. इर्जिक म्हणजे 'गोतोंग रोयोंग'. सरपंचाला कसायला गावची जमीन मिळते, 'बेंगकोक', आपल्या पाटीलकीच्या वतनासारखी, फक्त खुर्चीबरोबर जमीनही जाते. 2015पासून प्रत्येक गावाला केंद्राकडून थेट निधी येतो. या गावात त्यातून शेतापर्यंत काँक्रीटच्या अरुंद वाटा झाल्या आहेत आणि त्यावरून पोरं दोन-दोन गोण्या लादून मोटारसायकली अशा काही उतरवतात की बघणाऱ्याने डोळे मिटावेत.

एका संध्याकाळी मामांना व्हिडिओ कॉल लावला. पाकनी हातातला बटाटा कॅमेऱ्यापुढे धरला, मामांनी त्यांचा. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, पण आकार, साल, डोळे हे सगळं तपासून झालं. मग मी फोन डोंगराकडे वळवला आणि मामा एकदम म्हणाले, "अगं, सऱ्या उभ्या का काढल्यात? माती राहील का तिथं?"

खरं आहे. इथे सऱ्या उताराला आडव्या नसतात, वरून खाली सरळ सोट असतात, कंगव्याने विंचरल्यासारख्या. फोटोत फार देखण्या दिसतात. मी प्रश्न भाषांतर करून विचारला. पाकना तो नवा नव्हता, सरकारी माणसंही हेच सांगून जातात. म्हणाले, आडव्या सरीत पाणी साचतं. पावसाळ्यात इथे धुकं दिवस-दिवस हलत नाही. पाणी साचलं की बटाटा कुजतो, करपा येतो, आणि मग माती राहून काय करायचं? मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेबी खरंच हाय म्हणा."

मला त्या दोन वाक्यांत या गावाचं सगळं कोडं दिसलं. उभी सरी या वर्षाचं पीक वाचवते आणि त्याच पाण्याबरोबर डोंगर खाली पाठवते. माती धुपली की खत वाढवायचं. ट्रक भरभरून कोंबडखत खालच्या गावांतून वर येतं, रस्त्याकडेला गोण्यांच्या भिंती उभ्या असतात आणि पर्यटक नाकाला रुमाल लावून गाड्यांच्या काचा वर करतात. वाहून गेलेली माती सेरायु नदीत जाते. नदीचा उगम इथलाच, 'तुक बिमा लुकार'. पांडव-कौरवांत नदी खोदायची शर्यत लागली आणि भीमाने ती जिंकली, अशी कथा आहे. कशाने खोदली ते कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या ब्लॉगवर लिहिण्यासारखं नाही. त्या नदीवर खाली बांजारनगारात म्रिचाचं धरण आहे, वीज तयार करतं, आणि ते गाळाने भरत चाललंय. तो गाळ म्हणजे हीच शेतं.

देवळांचं विचाराल तर ती आठव्या-नवव्या शतकातली शंकराची आहेत. इथे मिळालेला एक शिलालेख शके 731चा, म्हणजे इसवी सन 809चा आहे. नावं मात्र लोकांनी नंतर महाभारतातली दिली: अर्जुन, भीम, घटोत्कच, श्रीकांडी. गाव सगळं मुसलमान, आणि पांडव सगळ्यांच्या घरचे. मी भारतातली म्हटल्यावर म्बाहना वाटलं, हिला सगळं पाठ असणार. मग त्यांनी सेमारबद्दल विचारलं. पांडवांचा तो म्हातारा, ढेरपोट्या, विनोदी सेवक आपल्या महाभारतात नाहीच, हे कळल्यावर त्यांना माझी दया आली. "मग तुमच्याकडे अर्जुनाला शहाणपण शिकवतं कोण?" कृष्ण म्हटलं. त्यांना ते फारसं पटलं नाही.

शेजारच्या घरात पाच वर्षांची एक मुलगी आहे, केसांच्या जटा झालेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं, कारण आपल्याकडे जट म्हणजे काय आणि त्यापायी किती बायकांचं आयुष्य गेलं ते आपल्याला माहीत आहे. इथे उलटं. दिएंगमध्ये काही मुलांना ताप येऊन गेल्यावर अशा जटा होतात, ती मूळ पुरुषाची, कियाई कोलोडेटेची, देणगी मानतात. मुलाचे लाड होतात. आणि जटा कापायच्या कधी? मूल स्वतः म्हणेल तेव्हा, आणि ते जे मागेल ते दिल्यावरच. शेळी मागो, सायकल मागो. कापलेले केस पाण्यात सोडतात आणि मूल चारचौघांसारखं होतं. 2010पासून दिएंगच्या मोठ्या उत्सवात हा विधी हजारो लोकांसमोर होतो. शेजारच्या पोरीने अजून तोंड उघडलेलं नाही. तिचे वडील म्हणाले, "मोबाईल मागेल अशी भीती आहे."

सगळं असं गोड नाही. 20 फेब्रुवारी 1979ला पहाटे सिनिला विवर फुटलं. घरातून पळालेली माणसं वाटेतच कोसळली, कारण जमिनीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड वाटेवर पसरला होता. त्याला ना रंग ना वास. 149 माणसं गेली. म्बाह त्याबद्दल बोलत नाहीत, फक्त चुलीत लाकूड सारतात. तिंबांग विवरातून आजही मधूनमधून वायू वाढतो, मग इशारा लागतो, आणि इशारा उतरला की माणसं पुन्हा त्याच शेतात. वारा नसलेल्या ढगाळ सकाळी खोलगट रानात जायचं नाही, एवढं इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्याच जमिनीतल्या वाफेवर वीजकेंद्र चालतं, त्याचे चकचकीत नळ बटाट्याच्या शेतांमधून जातात.

अशा गावात पुढच्या पिढीने राहायचं की नाही? बुंच्या थोरलीने उत्तर दिलं, ती तैवानला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते. दिवाणखान्यातली फरशी तिच्या पैशाची. धाकटा वोनोसोबोत शिकला, वीस वर्षांचा आहे. त्याच्या वाट्याला येणारी जमीन आजोबांच्या जमिनीचा एक तुकडा, त्याचाही तुकडा. सुट्टीत तो पर्यटकांना पहाटे सिकुनिरच्या टेकडीवर सूर्योदय दाखवायला नेतो आणि एका सकाळी कमावतो ते शेतमजुराला दिवसभर राबून मिळत नाही. "मग सोड की शेती," असं मी एकदा म्हटलं. माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या माणसासारखा तो म्हणाला, "म्बाक, लोक डोंगर बघायला येतात. डोंगर गेला तर काय दाखवू?"

त्याला वरच्या चढाच्या तुकड्यावर कारिका लावायची आहे. डोंगरी पपई, मुठीएवढी, साखरेच्या पाकात घालून बाटलीत विकतात, वोनोसोबोतून घरी जाताना प्रत्येक पर्यटक एक खोका नेतो. (कारिकाही बटाट्यासारखीच मूळ अँडीज पर्वतातली. दोन परके या तिसऱ्याच डोंगरावर एकमेकांशी भांडतायत.) झाड असल्यामुळे माती धरते. पण झाड फळावर यायला वेळ लागतो आणि बटाटा साडेतीन महिन्यांत पैसे देतो. बाप-लेकात यावरून अबोला नाही, पण चुलीपाशी विषय निघाला की पाक उठून शेकोटीची लाकडं आणायला जातात. लाकडं भरपूर असली तरी.

त्या उपासाच्या सकाळी खालची रानं बरीचशी वाचली. वरचा तुकडा वाचला नाही. दहा वाजेपर्यंत तो काळा पडला. पाकनी एक रोप उपटून बघितलं, परत मातीत खोचलं आणि घरी येऊन जेवले.

निघायच्या आदल्या दिवशी बुंनी मला कामाला बसवलं. बियाण्याची निवड. अंड्याएवढे बटाटे एका टोपलीत, मोठे विकायच्या गोणीत, कापलेले घरात. सरावाने माझे हात चालत होते. पाकनी प्रत्येक तुकड्याची टोपली वेगळी ठेवली होती. मी मोजल्या तर एक कमी. विचारलं, "वरच्या तुकड्याचं बियाणं?"

बुंनी खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "या वेळी ठेवायला सांगितलेलं नाही." मग माझ्या टोपलीतून एक बटाटा उचलून गोणीत टाकला. "हा मोठा आहे म्बाक, बियाण्यात घालू नकोस."