वर्षभराचं झाड एका चित्रात

एकाच झाडावर वर्षभर रोखलेला कॅमेरा आणि त्या फोटोंमधून जोडलेलं एकच आडवं चित्र: डाव्या कडेला पहिला दिवस, उजव्या कडेला 365वा. यात सगळ्यात जास्त कष्ट पडतात ते कॅमेऱ्याची हुशारी बंद करायला. पानं पिवळी पडू लागली की ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग आपोआप सावरणाऱ्या सोयीला, उजेडच पिवळा झाल्यासारखा वाटतो. तो निळ्याचं प्रमाण वाढवतो आणि पानगळीचा रंग फिका पडतो. जे टिपायला कॅमेरा लावला, नेमकं तेच पुसलं जातं.

म्हणून व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर, साधारण 5500 केल्विनला, पक्का करावा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8, फोकस मॅन्युअल करून रिंगवर चिकटपट्टी, इमेज स्टॅबिलायझेशन बंद. शटर तेवढं ऑटो राहू द्यावं, कारण ढगाळ दिवस आणि लख्ख ऊन यांतला फरक एकाच शटरला पेलत नाही. कॅमेरा जोडता येणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरत असाल तर लाल आणि निळ्याचे गेन, म्हणजे ते रंग किती वाढवायचे ते, आकडे देऊन ठरवून टाका. पायच्या जुन्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेट नसलेल्या जागी वीज गेली की वेळ चुकते आणि फोटोंचा क्रम बिघडतो, म्हणून डीएस3231 घड्याळाचं मॉड्यूल जोडावंच. बऱ्याच ट्रेल कॅमेऱ्यांत (जंगलात प्राणी टिपायला बांधतात ते) व्हाइट बॅलन्स पक्का करताच येत नाही. तिथे चौकटीच्या कोपऱ्यात, झाडावर पडतो तोच उजेड मिळेल अशा जागी, बिनचकाकीच्या करड्या पीव्हीसीचा तुकडा उभा करावा. त्याच्या रंगावरून पुढे प्रत्येक फोटो दुरुस्त करता येतो. तुकडा अधूनमधून पुसावा लागतो.

ट्रेल कॅमेऱ्याचा आणखी एक दोष म्हणजे इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर. तो रात्री बाजूला सरकतो आणि कधीकधी तिथेच अडकतो. पानं इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतात, त्यामुळे सगळं झाड गुलाबी-जांभळं येतं. रात्रीचे फोटो बंदच ठेवा. फिल्टर कमी हलतो, बॅटरी वाचते, शिवाय एलईडीकडे किडे येत नाहीत आणि किड्यांमागे लेन्सवर जाळं विणायला कोळीही येत नाही. हालचाल ओळखणारा सेन्सरही बंद करावा, नाहीतर डोलणाऱ्या गवताचेच शेकडो फोटो जमतात.

कॅमेरा दुसऱ्या झाडाला बांधणं हा मोह टाळावा. खोड जाड होतं, वाऱ्यात हलतं, पट्टा सरकतो. लाकडी खांब भिजतो, सुकतो आणि पिळवटतो. गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइप 60 सेंटिमीटर खोल काँक्रीटमध्ये रोवलेला सगळ्यात भरवशाचा. सूर्य पाठीशी राहावा म्हणून उत्तर गोलार्धात कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला ठेवतात, दक्षिण गोलार्धात दक्षिणेला. दोन्ही अयनवृत्तांच्या मधल्या प्रदेशात वर्षातला काही काळ सूर्य त्या बाजूलाही येतो, तेव्हा वर छज्जा लागतोच. आकाश चौकटीच्या पाव भागापेक्षा जास्त नको, नाहीतर शटर आकाशाकडे बघून ठरतं आणि पानं काळवंडतात. कॅमेऱ्याच्या पेटीत केबल खालूनच आत घ्यावी, तीही आधी खाली झोळ देऊन, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं; समोर अॅक्रिलिकऐवजी काच. पेटी दिवसा तापते, रात्री थंड होताना बाहेरची दमट हवा आत ओढते, म्हणून सिलिका जेल ठराविक काळाने बदलावं.

दर अर्ध्या तासाला, सकाळी 6 ते संध्याकाळी 6, असे दिवसाला 25 फोटो. फोटो 5 एमबीचा धरला तर वर्षाचे सुमारे 46 जीबी, म्हणजे 64 जीबीचं कार्ड पुरतं. तरी दर महिन्याला फोटो उतरवून घ्यावेत. दिवसाचा एक फोटो निवडताना रोज दुपारी 12चाच घ्यायचा नियम मला पटत नाही. कडक उन्हाच्या सावल्या चित्रात काळे-पांढरे पट्टे पाडतात. दुपारच्या आसपासच्या चार-पाच फोटोंमधला सगळ्यात मऊ उजेडाचा घ्यावा. ढगाळ दिवस इथे वरदान आहे.

कितीही घट्ट रोवलं तरी चौकट थोडी सरकते. एखादा दगड किंवा खांब खूण धरून फोटो एकमेकांवर बसवावेत आणि कडेचे 3-4 टक्के कापून टाकावेत. मग 3650 पिक्सेल रुंदीचे फोटो, प्रत्येक दिवसाला 10 पिक्सेलची उभी पट्टी. पट्टी दोन प्रकारे घेता येते. प्रत्येक दिवसाची पट्टी फोटोतल्या तिच्याच जागेवरून घेतली, तर झाडाचा आकार शाबूत राहतो आणि ऋतू त्यातून डावीकडून उजवीकडे सरकतो. रोज एकाच जागेची पट्टी घेतली, तर आकार जातो आणि नुसते रंगांचे थर उरतात. पहिला प्रकार लोकांना चटकन भावतो. मला दुसरा जास्त प्रामाणिक वाटतो: त्यात उंचावरची फांदी आधी फुटली की खालची, हेही वाचता येतं.

रंगाला आकड्याची जोड हवी असेल तर झाडांचे ऋतुबदल कॅमेऱ्यांनी टिपणाऱ्या फेनोकॅम नेटवर्कची रीत घ्यावी: हिरव्याला लाल, हिरवा आणि निळा यांच्या बेरजेने भागायचं. करड्या वस्तूसाठी उत्तर 0.33च्या आसपास येतं, भरलेल्या पानांसाठी बरंच वर. उजेडाचा चढउतार झाकण्यासाठी ते तीन-तीन दिवसांच्या फोटोंमधलं 90वं पर्सेंटाइल, म्हणजे 90 टक्के आकडे ज्याच्या खाली राहतात तो आकडा, घेतात. हा आकडा शिखर गाठतो तो बहुधा कोवळ्या, चमकदार पालवीला, पूर्ण वाढलेल्या गडद पानांना नाही. आणि कुसुम किंवा आंब्यासारखी पालवी तांबूस असेल, तर झाड भरात फुटत असतानाच आकडा खाली जातो. अशा झाडांसाठी लालचं प्रमाणही वेगळं मोजावं.

कॅमेरा बंद पडलेल्या दिवसांची पट्टी आदल्या दिवसाच्या रंगाने भरू नये, काळी ठेवावी. छापताना 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) हे चित्र जेमतेम 31 सेंटिमीटर रुंद होतं. 150 डीपीआयला दुप्पट होतं आणि हातभर अंतरावरून पाहायला तेही पुरतं. कागद मॅटच घ्यावा, चकाकीत काळ्या पट्ट्यांवर खोलीतले दिवे उमटतात.