तुम्ही विचारलंत म्हणून: लाखभर जिरं गेलं कुठं?

"तळ्यात एक लाख मत्स्यजिरं (अंड्यातून नुकतीच निघालेली माशाची पिल्लं) सोडलं, पंधरा दिवसांनी जाळं ओढलं तर ओंजळभर निघालं. हॅचरीवाल्यानं (माशाची अंडी उबवून जिरं विकणाऱ्यानं) फसवलं ना?" मोहोळ, माढा, सांगोला, प्रश्न सगळीकडून हाच.

फसवणूक होतच नाही असं मी म्हणत नाही. पण सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन रात्री बॅटरी घेऊन तळ्याकाठी कोण बसतं?

रोहू-कटल्याचं अंडं पावसाळी उबेत १४ ते १८ तासांत फुटतं. पुढचे तीन दिवस पिल्लू पोटाखालच्या बलकावर काढतं. ट्राउट-सॅल्मनची पिल्लं थंड नदीच्या गोट्यांत दडून बलकावर कित्येक आठवडे काढतात; आपल्या माशाला तेवढी सवड नाही. जिऱ्याची पिशवी तुमच्या हातात येते तेव्हा बलक संपलेला असतो. जीव ५-६ मिलिमीटरचा, आणि खाणं त्याच दिवशी तोंडाशी हवं.

तळ्यात मात्र उताणा पोहणारा किडा आधीच आलेला असतो. उजेड टाका, शेपटीचं टोक हवेला लावून डोकं खाली करून लटकलेला दिसेल. जिरं जवळून गेलं की पुढच्या पायांत धरतो, सोंड खुपसतो, शोषून घेतो. उरते ती पारदर्शक साल. सकाळी पाण्यावर मेलेलं काही दिसत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं पिशवीतच कमी होतं.

त्याला श्वासासाठी पाण्यावर यावंच लागतं, उपाय तिथेच आहे. १० गुंठ्यांना ५.६ किलो स्वस्त खाद्यतेल आणि १.८ किलो धुण्याचा साबण. साबण गरम पाण्यात विरघळवून तेल घोटायचं आणि जिरं सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी पृष्ठभागावर पसरायचं. आषाढातल्या वाऱ्यात हा तवंग एका काठाला जातो आणि मेहनत पाण्यात. वारा पडेपर्यंत थांबा. जिरं खाणाऱ्या चतुराच्या अळीवर मात्र तेल चालत नाही, ती पाण्यातच श्वास घेते. म्हणून तळं फार आधी भरून ठेवू नका आणि बारीक जाळं दोन-तीनदा ओढा.

खाण्याचं बघायचं तर प्लवकाच्या (जिरं खातं त्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या) जाळीतून ५० लिटर पाणी गाळा. तळाशी १ ते २ मिली प्लवक बसलं पाहिजे. नसेल तर प्लवक वाढवायला टाकलेली शेंगपेंड आणि शेण कमी पडलंय.

पूर्वी मी सगळा दोष तळ्यालाच द्यायचो. ते अर्धंच खरं होतं. पाऊस लांबला की पिकलेली अंडी हॅचरीतल्या मादीच्या पोटातच जिरू लागतात. मग इंजेक्शन देऊन काढलेली बरीच अंडी पांढरी पडतात, फुटलेलं जिरंही लेचंपेचं. वर्षानुवर्षं एकाच घरातले नर-मादी वापरले तर वाणही खालावतो. त्याला स्वच्छ तळं काय करणार?

म्हणून घेताना थोडं जिरं पांढऱ्या बादलीत ओता, हातानं पाणी गोल फिरवा. धडधाकट जिरं प्रवाहाविरुद्ध कडेनं पोहतं. मधोमध गोळा झालं तर घेऊ नका. आणि कडेनं पोहणारं घेऊनही पंधराव्या दिवशी निम्मंच हाती लागलं, तर त्यात हॅचरीचं किती आणि किड्याचं किती, हे मला आजही सांगता येत नाही.