जिनिंगात नव्या माणसाला थेट मशीनवर उभं करू नका

दिवाळीच्या सुमारास हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याकडच्या जिनिंगांत, म्हणजे कापसातली सरकी (बी) काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, कापसाच्या गाड्या लागतात. ठेकेदार माणसं आणतो आणि मुकादम त्यांना त्याच दिवशी कामाला जुंपतो. "पाहून पाहून शिकते," म्हणतात. शिकतेच, पण शेजारच्याची चुकीची सवयही शिकते.

पहिला अर्धा दिवस काम देऊ नका. गेटपासून रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसपर्यंत फिरवा. मेन स्विच, पाण्याचा टाका, बिडी-काडीपेटी जमा करायची जागा बोटाने दाखवा. कापसाची आग आत धुमसते, वरून विझलेली दिसली तरी. धुराचा वास आला की आधी ओरडायचं, मग तो कापूस उघड्यावर ओढायचा, हे तोंडपाठ हवं.

मग गंजीवर बसवा. पाचेक किलो कापसात सुतळी, केस, गुटख्याची पुडी, प्लास्टिक पोत्याचा धागा असे दहा तुकडे मिसळा आणि शोधायला लावा. पांढरा प्लास्टिक धागा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, म्हणून तोच दोनदा टाका. कारणही सांगा: जिनमधून गेला की त्याचे बारीक तुकडे रुईत मिसळतात, मग ते वेचता येत नाहीत आणि त्यांना रंग चढत नाही, म्हणून कापडावर डाग दिसतो. कारण कळलं की बाया मन लावून वेचतात.

डबल रोलर जिनवर, म्हणजे दोन रोलर आणि चाकूंनी रुई ओढून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनवर, सगळ्यात मोठा धोका जाम काढतानाचा. कापसात 12 टक्क्यांहून जास्त ओलावा असला की तो रोलरला गुंडाळतो. नवा माणूस चालू मशीनमध्ये हात घालतो, कारण बंद केलं तर बोलणी बसतील ही भीती. ती भीती मुकादमानेच काढायला हवी. स्विच बंद, रोलर आणि चाकू पूर्ण थांबलेले, मगच आकडीने कापूस काढायचा. मुकादमाने हे स्वतः करून दाखवावं, नंतर त्याच्यासमोर प्रत्येकाकडून करून घ्यावं. पदर-ओढणी खोचलेली हवी.

दुसऱ्या हंगामाला आलेल्या चुणचुणीत पोराला फिटरच्या हाताखाली द्या. रोलरचा दाब जास्त झाला तर त्यावरचं चामडं तापून झिजतं, कमी झाला तर सरकीला रुई राहते. चाकूची सेटिंग चुकली तर सरकी फुटते. सरकी हातात घेऊन हे ओळखायला शिकवा. नागपूरला सिरकॉटचं (केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, हंगामाआधी तिथे पाठवा.

आणि मजुरी शिकल्याबरोबर वाढवा. हंगाम संपल्यावर बघू म्हटलं, तर तो डिसेंबरातच शेजारच्या जिनिंगात लागतो.