मुळशीचं पाणी, कुंडलिकेची धार

सकाळचे सव्वासात. साजे गावाखाली कुंडलिकेच्या पात्रात आम्ही चौघं आपापली कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, शेजारी ठेवून गोट्यांवर बसलो होतो. समोर नदी अशी नव्हतीच. खडकांमधून घोटाभर पाणी वाहत होतं, दोन बगळे उभे होते, पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी उतरवत होतं. फेब्रुवारीतली थंडी अजून अंगात होती.

"पाणी सुटलं नाय अजून. येईल आता," आमचे दादा म्हणाले. ते याच काठावरच्या गावचे. लहानपणापासून या नदीत पोहलेले, आता इथे राफ्ट आणि कयाक चालवतात.

'पाणी सुटणं' हा इथला रोजचा शब्द. वर भिऱ्याला टाटांचं वीजकेंद्र आहे, १९२७ सालचं. घाटमाथ्यावरच्या मुळशी धरणाचं पाणी मोठाल्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात उतरतं, जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेला मिळतं. वीज तयार झाली की नदीला पाणी. म्हणून सह्याद्रीतल्या बाकीच्या नद्या आटून डबकी उरतात, त्या दिवसांतही इथे बारा-तेरा किलोमीटर खळाळतं पाणी मिळतं.

मी समोरच्या एका दगडाकडे बघत होतो. त्याच्या पायाशी जांभळाचं वाळकं पान पडलं होतं. ते पान हललं, जरासं फिरलं आणि उचललं गेलं. मग वरच्या वळणाकडून आवाज यायला लागला. पंधरा-वीस मिनिटांत तो दगड दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी पाण्याची एक गुळगुळीत फुगवटी उभी राहिली. इतक्या वर्षांत किती नद्या बघितल्या, पण नदी भरताना अशी शेजारी बसून कधी बघितली नव्हती. कुणीच काही बोललं नाही. दादांनी हेल्मेटचा पट्टा आवळला, तेव्हा आम्हीही उठलो.

राफ्टमध्ये सात-आठ जण असतात, चूक सगळ्यांत वाटली जाते. कयाकमध्ये माणूस एकटा. मांड्या आत घट्ट बसवायच्या, कंबरेला स्प्रे स्कर्ट, म्हणजे होडीत पाणी शिरू नये म्हणून बसायच्या जागेवर ताणायचं आवरण, त्याचं रबर आधी मागून मग पुढून त्या जागेच्या कडेवर ओढून बसवायचं, आणि पुढचा पट्टा बाहेर राहिलाय ना हे दोनदा हात लावून बघायचं. उलटं झाल्यावर सुटका त्या पट्ट्यातूनच. पुण्यात तलावावर आम्ही हे महिनाभर केलं होतं. पण तलावाचं पाणी जागेवर असतं.

पहिले दोन रॅपिड, म्हणजे खडकांमधून पाणी उसळत धावतं ते टप्पे, सरळ होते. मधल्या धारेला लागायचं, लाट आली की पॅडल, म्हणजे वल्हं, मारत राहायचं, थांबायचं नाही. तिसऱ्याच्या वर दादांनी आम्हाला एका मोठ्या खडकामागे घेतलं. खडकामागे पाणी वळून उलटं, वरच्या दिशेला वाहतं. त्याला एडी म्हणतात. दादा नुसतं 'उलटं पाणी' म्हणतात आणि मला तोच शब्द बरोबर वाटतो. तिथे होडी विसावते. हाताच्या अंतरावर धार सुसाट चाललेली असते, आणि दोन्हींच्या मधे एक थरथरती रेघ असते. ती ओलांडताना होडी धारेच्या खालच्या अंगाला कलवायची आणि वरची कड उचलून धरायची. सांगितलेलं सगळं पाठ होतं. पण रेघेवर आलो, धारेचा आवाज कानात शिरला आणि मी घाबरून वरच्या अंगाला झुकलो. धारेने कड पकडली.

पाण्याखाली हिरवा उजेड होता आणि नाकात गार पाणी. पॅडल बाजूला लावलं, कंबर फिरवली, होडी अर्धी वर आली. श्वासासाठी डोकं आधी उचललं आणि परत खाली गेलो. डोकं सगळ्यात शेवटी यायला हवं. दुसऱ्यांदा प्रयत्न करण्याइतका दम उरला नव्हता. पट्टा चाचपला, ओढला, बाहेर आलो.

"पाय वर! उभं राहू नका!" दादांचा आवाज ऐकू आला. वाहत्या पाण्यात उभं राहायला गेलं आणि पाय दगडांच्या सांदीत अडकला, तर पाणी माणसाला तिथेच दाबून धरतं. उताणा झालो, पाय पुढे केले, एक खडक तळव्यांनी ढकलला. मग छातीवर दोरी येऊन पडली. काठाला लागल्यावर गुडघे लटलटत होते. दादा होडीतलं पाणी ओतत म्हणाले, "पुन्हा त्याच खडकामागून निघा. आत्ताच." निघालो. या वेळी कलवली. धारेने होडीचं नाक अलगद खाली वळवलं आणि मी पार पोचलो. दादांनी त्या क्षणी मला बसू दिलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आयुष्यभर ऋणी राहीन.

पुढे नदी एका लांब डोहात शांत झाली. काठावर बायका कपडे धूत होत्या. खंड्या या फांदीवरून त्या फांदीवर पुढे पुढे उडत होता. माझा कॉलेजचा मित्र पॅडल मांडीवर ठेवून पाण्यात हात सोडून बसला होता. तो मूळचा मुळशीकडचा.

"हे आमच्या शेतावरचं पाणी आहे रे," तो म्हणाला.

त्याच्या पणजोबांची भातखाचरं धरणाखाली गेली. आंबेमोहोर पिकायचा. सेनापती बापटांनी १९२१ साली तिथे सत्याग्रह उभा केला. माणसं तुरुंगात गेली, १९२४ पर्यंत लढली, तरी धरण झालंच. त्यांच्या घरात अजून 'खालचं गाव' असा शब्द आहे, ते बघितलेलं आता कुणी नसलं तरी. मुळा नदीचं ते पाणी एरवी पुण्यावरून भीमेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. ते आता रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं, आणि वाटेत आम्ही त्याच्यावर लाटा खेळत होतो. मला काय बोलावं कळेना. त्याला राग नव्हता. "बरं वाटतंय," एवढंच तो म्हणाला, आणि पुढच्या रॅपिडला आमच्या सगळ्यांच्या आधी गेला.

कामतजवळ बाहेर पडलो तेव्हा खांदे भरून आले होते. तांदळाची भाकरी, सुकट, वर कांदा. दुपारी परत सुतारवाडी, विळे, ताम्हिणी घाट. मुळशीच्या जलाशयापाशी मित्राने गाडी थांबवायला सांगितली. काठावर उभं राहून त्याने हाताने दाखवलं, त्याच्या वडिलांनी त्याला दाखवलं होतं तसं. समोरच्या टेकडीच्या अलीकडे, जरा डावीकडे. तिथे पाण्यावर बारीक वारा होता. माझ्या केसांत कुंडलिकेची रेती अजून हाताला लागत होती.